कबड्डीच्या मैदानात पंच आणि सरांची जुंपते, भोगतात मात्र पोरं. वाद कुठून सुरू होतो आणि कसा थांबवता येतो?

पावसाळ्यात शाळांच्या क्रीडा स्पर्धा सुरू झाल्या की तालुक्याच्या मैदानावर कबड्डीची गर्दी होते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुला-मुलींचे संघ सकाळीच टेम्पो, वडाप, एसटी मिळेल त्याने येतात. डबे झाडाखाली ठेवतात, बूट-चपला एका ढिगात काढतात आणि नंबर येईपर्यंत ताटकळत बसतात. सामने रंगतातही चांगले. पण दुपार कलली, उपांत्य फेरी आली की कुठल्या तरी एका चढाईवर शिट्टी वाजते आणि खेळ थांबतो. एका शाळेचे सर मैदानात घुसतात, दुसऱ्या शाळेचे सर त्यांना आडवे जातात, पंच मधे सापडतात आणि भोवती दीड-दोनशे माणसांचं कडं पडतं. खेळणारी चौदा पोरं बाजूला उभी राहून मोठ्यांचा खेळ बघत बसतात.

हे बघून बऱ्याच जणांना वाटतं की कबड्डी म्हटली की एवढं चालायचंच. पण यात काय पणाला लागलेलं असतं ते आधी समजून घेतलं पाहिजे. या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी जातात. खालच्या पायरीवर सामने बाद पद्धतीने होतात. म्हणजे एक सामना हरला की त्या पोराचं वर्ष संपलं. पुढच्या वर्षी तो वयोगटातून बाहेर गेलेला असू शकतो. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण वरच्या पातळीवरच्या कामगिरीवर ठरतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, तिथवर जाणारी वाटही याच धुळीच्या मैदानातून निघते. शेतमजुराच्या घरातल्या पोराला किंवा पोरीला यापेक्षा दुसरी वाट सहसा दिसत नाही. त्यामुळे एका गुणावरून सरांचा आवाज चढतो, यात नवल नाही. आवाज चढल्यावर त्या पोराचं भलं होतं का, हा प्रश्न आहे.

पंच म्हणजे कोण?

प्रेक्षकांना वाटतं पंच हा कुठून तरी आलेला सरकारी माणूस असतो. तालुका पातळीवर तसं क्वचितच असतं. बहुतेक पंच हे दुसऱ्या शाळांचे क्रीडाशिक्षक किंवा तालुक्यातले जुने खेळाडू असतात. आज ज्यांच्या अंगात पंचाचा शर्ट आहे, ते उद्या स्वतःच्या शाळेची मुलं घेऊन मैदानाच्या कडेला बसणार आहेत. आणि आज जे सर पंचावर ओरडतायत, त्यांच्या हातात उद्या शिट्टी असणार आहे. दोघं एकाच प्रशिक्षणाला एकत्र बसलेले असतात, बऱ्याचदा एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाऊन आलेले असतात. तरी मैदानात एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

नियमाप्रमाणे कबड्डीच्या सामन्याला एक सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि रेषांवर लक्ष ठेवणारे सहायक लागतात. (गावाचे सरपंच रेषेवर उभं राहून सामन्याच्या सरपंचाला नियम सांगतायत, हे दृश्य आपल्याकडे नवीन नाही.) प्रत्यक्षात तालुक्याला माणसं कमी पडतात. दोन पंच आणि एक गुणलेखक यांच्यावरच बऱ्याच वेळा दिवस निघतो. सकाळी नऊला उभा राहिलेला माणूस संध्याकाळी पाचला दहावा-बारावा सामना बघत असतो. मधे जेवायला पंधरा मिनिटं मिळाली तर मिळाली. मानधन मिळालंच तर पेट्रोलपाण्यापुरतं. अशा माणसाचा एखादा निर्णय चुकणारच, आणि तो शेवटच्या महत्त्वाच्या सामन्यात चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण तेव्हा तो सगळ्यात जास्त दमलेला असतो.

वाद नेमका कशावरून होतो?

मैदानात शेकडो निर्णय होतात, पण भांडणं फिरून-फिरून दोन-तीन गोष्टींवरच येतात.

पहिली गोष्ट लॉबीची, म्हणजे राखीव क्षेत्राची. मैदानाच्या दोन्ही बाजूला एक-एक मीटरची ही पट्टी असते. चढाईपटूचा आणि बचाव करणाऱ्यांचा स्पर्श होत नाही, झटापट सुरू होत नाही, तोवर ही पट्टी मैदानाबाहेर धरली जाते. तिच्यात पाय पडला की बाद. एकदा स्पर्श झाला की तीच पट्टी मैदानात येते आणि चढाईपटू तिच्यातून पळून मध्यरेषेला हात लावू शकतो. म्हणजे सगळा निर्णय एकाच गोष्टीवर येतो: आधी काय झालं, स्पर्श की पाय? हे घडतं डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात. पंचाला ते दिसलं असेल, पलीकडच्या बाजूला बसलेल्या सरांना दिसणं अवघड आहे, आणि झाडाखाली बसलेल्या गावकऱ्यांना तर अशक्यच.

दुसरी गोष्ट बोनसची. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो, हे अजून बऱ्याच पालकांना माहीत नसतं. पाच जण उरले असताना पोराने बोनस रेषा ओलांडली की कडेनं 'बोनस, बोनस' असा गिल्ला होतो आणि गुण नाही दिला की पंच विकला गेला, असं ठरवून टाकलं जातं. बोनससाठी एक पाय रेषेच्या पूर्ण पलीकडे टेकावा लागतो आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे पंचाला एकाच वेळी दोन पाय आणि एक रेषा बघायची असते.

तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द रेषा. पावसाळ्यात फक्कीने मारलेली रेषा दोन चढायांत पुसली जाते. नंतर पंच रेषा कुठे असेल त्या अंदाजाने निर्णय देतो आणि सर त्यांच्या अंदाजाने भांडतात. शेतात बांधाची खूण गेली की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मध्यंतराच्या पाच मिनिटांत एका पोराला फक्कीची बादली देऊन रेषा परत मारून घेतल्या तर निम्मी कटकट तिथंच मिटते. पण मध्यंतरात ती बादलीच सापडत नाही.

हांगझोऊला तासभर काय झालं?

नियमाची गल्लत फक्त आपल्या तालुक्यात होते असं कुणी समजू नये. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात चालू होता. गुणफलक २८-२८ असा बरोबरीत आणि सामना संपायला जेमतेम एक मिनिट राहिलेलं. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला स्पर्श न करता लॉबीत गेला. त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले. आता फक्त पवन बाद धरायचा, की त्याच्या मागे लॉबीत आलेले बचावपटूही बाद धरायचे? एका नियमाने एक उत्तर येत होतं, दुसऱ्या नियमाने दुसरं. निर्णय एकदा दिला गेला, फिरवला गेला, परत फिरवला गेला. दोन्हीकडचे खेळाडू मॅटवर बसून राहिले. साधारण तासभर सामना थांबला होता. शेवटी भारताने ३३-२९ असा सामना जिंकला आणि सुवर्णपदक आलं.

तिथं कॅमेरे होते, जगातले नावाजलेले पंच होते, दोन्ही संघांसोबत मोठे प्रशिक्षक होते. पाय कुठे पडला यावर तिथं फारसा वाद नव्हताच, ते सगळ्यांना पडद्यावर दिसत होतं. वाद होता तो कोणता नियम लावायचा यावर. असा वाद सामन्याआधी दहा मिनिटं बसून मिटतो. शेवटच्या मिनिटाला तासभर बसूनही नीट मिटत नाही.

आधीची दहा मिनिटं

ज्या मैदानांवर वाद कमी होतात तिथं पहिला सामना सुरू होण्याआधी सगळ्या संघांचे सर आणि सगळे पंच एकत्र उभे राहतात, एवढा साधा फरक असतो. मोठी सभा नको, हारतुरे नकोत. पाहुण्यांची भाषणं तासभर चालतात आणि नियमांना पाच मिनिटं मिळत नाहीत, हे उलटं झालं पाहिजे.

या दहा मिनिटांत बोलायच्या गोष्टी अगदी ठरलेल्या आहेत. संघ जास्त असले की आयोजक सामन्याचा वेळ कमी करतात, तर आज डाव किती मिनिटांचा? लॉबीत चढाईपटूच्या मागे बचावपटू गेला तर आज काय धरणार? बरोबरी झाली तर निकाल कसा लावणार? पाऊस आला तर सामना पुढे तिथूनच चालू होणार की पहिल्यापासून? घड्याळ कुणाकडे आहे? आणि वयाबद्दल, ओळखपत्राबद्दल कुणाचा आक्षेप असेल तर तो आत्ताच सांगा. हरल्यावर 'त्यांचा पोरगा वयाने मोठा होता' म्हणण्याला अर्थ नसतो. वयाचा दाखला सकाळीही तोच होता आणि संध्याकाळीही तोच असतो.

मैदानाची सगळ्यांनी मिळून एक फेरी मारावी. कुठं खड्डा आहे, कुठली रेषा तिरकी पडली आहे, हे सगळ्यांनी एकदम बघितलं की नंतर त्यावरून कुणी कुणाला बोलत नाही. जमिनीची मोजणी करताना दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना आधी नोटीस देऊन हजर ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट करता येते, पण ती करायला आयोजकांना थोडी हिंमत लागते. एखाद्या पंचाच्या शाळेचा संघ खेळत असेल तर त्या सामन्याला तो पंच ठेवू नये. माणूस कितीही सरळ असला तरी समोरच्या संघाच्या मनात पाल चुकचुकतेच, आणि मग त्याचे बरोबर निर्णयही चुकीचे वाटायला लागतात. माणसं कमी आहेत ही अडचण खरी आहे. पण दोन मैदानांवरचे पंच त्या एका सामन्यापुरते अदलाबदल करायला जास्तीचा माणूस लागत नाही.

शिट्टी वाजल्यानंतर कुणी बोलायचं?

कबड्डीच्या नियमांत याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे आणि ते फार कमी जणांनी वाचलेलं असतं. पंचांकडे बोट दाखवून निर्णय मागणं, हे खेळाडूचं गैरवर्तन धरलं जातं. निर्णयावरून पंचांशी सारखी हुज्जत घालणं, त्यांच्याबद्दल वाईट बोलणं, हेही त्यातच येतं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे बाहेरून ओरडून खेळाडूंना शिकवत राहणं हेसुद्धा नियमात बसत नाही. 'पकड, पकड, डावीकडून घे' असं सामनाभर ओरडणारे सर नियम मोडतच असतात, पंच डोळेझाक करतात म्हणून चालतं. अशा वागण्याबद्दल ताकीद देता येते, समोरच्या संघाला गुण देता येतो, खेळाडूला काही वेळ बाहेर बसवता येतं. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे २ मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यातून बाहेर. सरांनी एक गुण मिळवायला घातलेली हुज्जत संघाला एक गुण आणि एक खेळाडू अशी दुप्पट महाग पडू शकते.

मग अन्याय झाला असं वाटलं तर गप्प बसायचं का? नाही. विचारायचं, पण कर्णधाराने. पुढची चढाई सुरू होण्याआधी कर्णधाराने सरपंचाजवळ जावं आणि एकच प्रश्न विचारावा: 'सर, कशाबद्दल बाद दिलं?' निर्णय बदला असं त्यात कुठंच नाही, कारण विचारलंय. आणि पंचाने एका वाक्यात उत्तर द्यावं: 'स्पर्शाआधी पाय लॉबीत होता.' एवढ्यावर दहापैकी आठ वाद संपतात. त्याऐवजी पंच जेव्हा म्हणतो 'मला शिकवू नको, जा खेळ', तेव्हा त्या पोराच्या मनात आणि त्याच्या सरांच्या मनात पक्कं बसतं की यात काहीतरी काळंबेरं आहे.

फुटबॉलमध्येही अलीकडे हाच रस्ता धरला आहे. २०२४ च्या युरो स्पर्धेत रेफ्रीशी निर्णयाबद्दल फक्त कर्णधाराने बोलायचं, बाकी कुणी जवळ आला तर पिवळं कार्ड, असं ठरवून दिलं होतं. रेफ्रीनेही कर्णधाराला निर्णय समजावून सांगायचा, ही त्याची दुसरी बाजू होती. आपल्याकडे पहिला भाग सगळे सांगतात, दुसरा विसरतात.

सरांच्या हातात आणखी एक गोष्ट असते, टाइम आउट. प्रत्येक डावात प्रत्येक संघाला ३० सेकंदांचे दोन टाइम आउट मिळतात. बरेच सर ते शेवटी वेळ काढायला राखून ठेवतात. पण एखाद्या निर्णयावरून पोरं पेटली असतील तर तेव्हाच टाइम आउट घेणारे सर शहाणे. पाणी पाजायचं, 'तो गुण गेला, आता पुढची चढाई कुणाची ते सांगा' एवढंच बोलायचं. चिडलेला चढाईपटू डोकं लावत नाही, सरळ जाऊन अडकतो. वाद घातल्यानंतरच्या दोन-तीन चढाया बघा. चिडलेला संघ त्यात गुण घालवताना दिसेल.

मोबाईलचा व्हिडिओ काय दाखवतो?

हल्ली प्रत्येक सामन्याचे पाच-दहा जण व्हिडिओ काढतात. निर्णय पटला नाही की मोबाईल घेऊन माणसं पंचाच्या तोंडापुढे धरतात: 'हे बघा, काय दिसतंय!' संध्याकाळपर्यंत तो तुकडा पंचाच्या नावागावासकट चार ग्रुपवर फिरलेला असतो.

रेषेचा निर्णय व्हिडिओत बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेरणीचा तास सरळ आहे की वाकडा, हे बांधावर आडवं उभं राहून कळत नाही. तासाच्या तोंडाशी यावं लागतं. रेषेचंही तसंच आहे. जो रेषेच्या अगदी समोर, तिच्या सरळीत उभा आहे, त्यालाच पाय अलीकडे की पलीकडे ते नेमकं दिसतं. कोपऱ्यातून तिरका काढलेला व्हिडिओ पाय चार बोटं पुढे किंवा मागे दाखवतो. त्यात साधा मोबाईल सेकंदाला ३० च्या आसपास चित्रं घेतो, स्पर्श नेमका दोन चित्रांच्या मधे निसटून जातो. व्हॉट्सॲपवर पाठवताना तो आणखी धूसर होतो. प्रो कबड्डीत टीव्हीवर रिव्ह्यू बघून आपल्याला सवय लागली आहे, पण तिथं ठरलेल्या जागी बसवलेले कॅमेरे असतात आणि ते बघायला वेगळा पंच बसलेला असतो. तालुक्याच्या स्पर्धेत मोबाईल बघून निर्णय बदलला तर उद्या ज्याच्या बाजूने जास्त मोबाईल, तोच जिंकेल.

व्हिडिओ काढायला हरकत नाही. आपल्या पोराचा खेळ सुधारायला तो सोन्यासारखा आहे. पण बाद झालेल्या, रडणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचा किंवा चुकलेल्या पंचाचा तुकडा कापून ग्रुपवर टाकला तर ती मुलगी पुढचे पंधरा दिवस शाळेत मान वर करत नाही, हे टाकणाऱ्याला दिसत नाही.

महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यातली लाथ

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत काय झालं ते जवळपास प्रत्येक मोबाईलवर येऊन गेलं आहे. गादी विभागाच्या लढतीत पाठ टेकली की नाही यावरून वाद झाला आणि शिवराज राक्षे याने पंचांना लाथ मारली. त्याच रात्री अंतिम लढत सोडून महेंद्र गायकवाड बाहेर पडला आणि पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला. कुस्तीगीर संघाने राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घातली. राक्षे हा दोन वेळचा महाराष्ट्र केसरी. गावागावात यावर दोन तट पडले, निर्णय चूक की बरोबर यावर पारावर आठवडाभर चर्चा झाली. तो निर्णय चुकला होता असं समजा. तरी हिशेब असा की एका निर्णयाने एक लढत गेली आणि एका लाथेने तीन वर्षं.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत यासाठी एक पद्धत आहे आणि ती गावच्या खेळाला शिकण्यासारखी आहे. निर्णय पटला नाही की कोपऱ्यात बसलेला प्रशिक्षक एक मऊ ठोकळा गादीवर टाकतो. म्हणजे त्याने निर्णयाला आव्हान दिलं. मग व्हिडिओ बघतात. प्रशिक्षक बरोबर निघाला तर निर्णय बदलतो. चुकीचा निघाला तर समोरच्या पैलवानाला एक गुण मिळतो आणि त्या लढतीत पुन्हा आव्हान देता येत नाही. म्हणजे तक्रारीला वाट आहे, पण फुकट नाही. त्यामुळे प्रशिक्षक खात्री असेल तरच ठोकळा टाकतो.

बीजिंगला २००८ च्या ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोच्या एका क्युबन खेळाडूने रेफ्रीच्या तोंडावर लाथ मारली होती. त्याच्यावर आजन्म बंदी आली, आणि त्याच्या प्रशिक्षकावरही. शिष्याच्या वागण्याची किंमत गुरूलाही मोजावी लागली. आपल्याकडे पोरगं पंचावर धावून गेलं की सर म्हणतात, 'लहान आहे, समजून घ्या'. पण ते पोरगं त्याआधी अर्धा तास त्याच सरांना पंचावर ओरडताना बघत होतं.

शालेय स्पर्धेत ठोकळा नाही, पण लेखी आक्षेपाची सोय असते. स्पर्धेच्या परिपत्रकात आक्षेप किती वेळात द्यायचा, त्याचं शुल्क किती, कुणाकडे द्यायचा, ते छापलेलं असतं. 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' ही ओळ सगळ्यांना पाठ आहे, त्याच्या खालचं कुणी वाचत नाही. स्पर्श झाला की नाही, यासारखा डोळ्याने दिलेला निर्णय आक्षेपाने बदलत नाही. पण गुण लिहिताना चूक झाली, बाद खेळाडू मैदानात राहिला, अपात्र खेळाडू खेळवला, वेळ चुकली, अशा गोष्टींवर लेखी आक्षेपाला वजन असतं. म्हणून आपल्याकडच्या एका मुलाला वहीत गुण लिहायला बसवावं. पंचाशी भांडताना 'आमचा एक गुण कमी लिहिलाय' असं म्हणणं वेगळं आणि वही उघडून कितव्या मिनिटाला कुणी गुण घेतला ते दाखवणं वेगळं.

पंचांनी काय करावं?

सगळा भार सरांवर टाकून चालणार नाही. शिट्टी उशिरा वाजवणारा, हात अर्धा वर करणारा, कुणी ओरडलं की निर्णय फिरवणारा पंच स्वतःच वाद ओढवून घेतो. एकदा ओरडून निर्णय बदलला की त्या दिवशी प्रत्येक निर्णयावर ओरडा होणार, कारण ओरडल्याने मिळतं हे सगळ्यांना कळलेलं असतं. शंका असेल तर हात वर करण्याआधी दुसऱ्या पंचाकडे आणि रेषेवरच्या माणसाकडे बघून घ्यावं. दोन पंचांत एकमत नसेल तर सरपंचाने निर्णय द्यावा, तो आहेच त्यासाठी. चूक लक्षात आली आणि पुढची चढाई सुरू झालेली नसेल तर कुणी ओरडायच्या आधी स्वतःहून दुरुस्त करावी. अशा पंचाची पत वाढते.

सामना संपल्यावर हरलेल्या संघाच्या सरांजवळ दोन मिनिटं जाऊन उभं राहणारे पंच थोडे असतात. 'तुमची ती पाच नंबरची मुलगी चांगली पकड करते, फक्त लॉबीत घाई करते' एवढं एक वाक्य बोललं तरी त्या सरांचा राग निम्मा उतरतो आणि मुलीला शिकायला मिळतं.

कडेचे लोक

मुलींच्या सामन्यांबद्दल वेगळं बोललं पाहिजे. मुलीला हाफ पँटवर चार गावांसमोर खेळू द्यायला घरच्यांना तयार करायला सरांना, मॅडमना महिनोन्महिने घरी खेटे घालावे लागतात. एका स्पर्धेत राडा झाला, शिवीगाळ झाली आणि बापाने ती ऐकली की पुढच्या वर्षी त्या मुलीच्या संमतीपत्रावर सही होत नाही. तिच्यासोबत तिच्या दोन मैत्रिणीही गळतात. संघाला सात मुली भरत नाहीत आणि शाळेचा मुलींचा संघच बंद पडतो. त्या राड्यात जिंकलं कोण, हे तोवर कुणाला आठवतही नसतं.

म्हणून गावातून येणाऱ्या पाठीराख्यांना दोराच्या बाहेर ठेवणं हे आयोजकांचं आणि त्या-त्या शाळेच्या सरांचं काम आहे. पंचाने खेळ बघायचा की गर्दी आवरायची? प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या लोकांसाठी एक जाणता माणूस नेमून द्यावा, शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य चालेल, माजी खेळाडू असेल तर उत्तम. गावचा पोरगा गावच्या माणसाचं ऐकतो, पंचाचं ऐकत नाही.

परतीचा टेम्पो

संघाचं खरं शिक्षण परतीच्या टेम्पोत होतं. सगळी पोरं दमलेली, अंगाला माती लागलेली, कुणाचा गुडघा सोललेला. तेव्हा सर काय बोलतात ते त्यांच्या डोक्यात वर्षभर राहतं. 'पंचाने हरवलं' असं सर म्हणाले की पोरांना सुटल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सरावाला निम्मी येतात, कारण आपलं काही चुकलंच नव्हतं. 'दुसऱ्या डावात आपण तीन वेळा घाई केली' असं म्हणाले की दुसऱ्या दिवशी त्या तीन चढायांवर सराव करता येतो. पंचाची चूक झाली असेल तर तीही सांगावी, लपवू नये. फक्त सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ तीच सांगू नये.

याच टेम्पोत असा एखादा मुलगा असतो जो राखीव म्हणून बसून-बसून नियम पाठ झालेला असतो. त्याला गावातल्या छोट्या सामन्यांना, शाळेतल्या वर्गावर्गाच्या सामन्यांना शिट्टी देऊन बघावी. जिल्हा आणि राज्य कबड्डी संघटना पंचांच्या परीक्षा घेतात, त्यांच्या तारखा तालुक्यातल्या पंचांना आणि क्रीडाशिक्षकांना माहीत असतात. तालुक्याला आज दोन पंच कमी पडतायत ते अशाच मुलांमधून मिळतील. खेळाडूंनाही एकदा शिट्टी घेऊन उभं करावं. सरावाच्या सामन्यात नेहमी हुज्जत घालणाऱ्या पोराला दहा मिनिटं पंच केलं की त्याच्याच मित्रांचा ओरडा त्याच्या अंगावर येतो, आणि लॉबीतला पाय आधी पडला की हात आधी लागला, हे त्यालाही सांगता येत नाही.